फादर्स डेचा पाठकोरा कागद

मी फादर्स डेचा रंगवायचा कागद बोलतोय, आणि चिडून बोलतोय. गोड बोलणारे कागद पुष्कळ असतात. लग्नाच्या पत्रिका घ्या, निवडणुकीची पत्रकं घ्या. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. सध्या मी वाटूरच्या एका शाळेत, लोखंडी कपाटात, 'उपक्रम' असं लिहिलेल्या फाइलमध्ये अडकलेला आहे. अडकवण्यासाठी माझ्या अंगाला दोन भोकं पाडली, तेव्हा कुणी विचारलं नाही. तसं जन्मापासूनच मला कुणी काही विचारलेलं नाही.

जन्म परतूरचा. स्टेशनच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथला. जूनचा महिना, शाळा नुकत्याच उघडलेल्या. दुसरीच्या वर्गाच्या प्रभावती मॅडम शुक्रवारी सकाळी वाटूरची गाडी धरायच्या घाईत दुकानात शिरल्या. मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा वेबसाइटवरून एक चित्र उतरवून घेतलं होतं. "याच्या तीस कॉप्या मारा, जल्दी," त्या म्हणाल्या. मी शेवटचा. मशीनमधली शाई संपत आलेली, त्यामुळे माझ्यावर उमटलेल्या माणसाला तोंडच धड आलं नाही. दुकानदारानं तसं दाखवलंसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "चालतंय. पोरं रंगवणारच आहेत की."

माझ्यावर कोण होतं ते सांगतो. कोट घातलेला एक माणूस. गळ्यात टाय, एका हातात कॉफीचा उंच मग, दुसऱ्या हातात ऑफिसची बॅग. मागे मोटार. खाली जाड इंग्रजी अक्षरांत 'बेस्ट डॅड'. हा बाप कुठला, कुणाचा, मला माहीत नाही. वाटूरच्या फाट्यावर तो उभा राहिला असता तर लोकांनी बँकेचा साहेब समजून त्याला वाट करून दिली असती.

वर्गात पोचल्यावर मी पोरांची बोलणी ऐकली. एकीचा बाप टेम्पो चालवतो. एकाचा परतूरला कापसाच्या जिनिंगवर जातो. मोनालीचे वडील मंठ्याला मास्तर आहेत, पण तेही बिनटायचेच. टाय त्या वर्गात फक्त पोरांच्या गळ्यात होते, इलॅस्टिकचे, ओढून सोडले की चटकन बसणारे. आणि प्रत्येक पोराला एकेक बाप वाटला गेला, सगळे एकाच मापाचे!

मी आलो वर्षाराणीच्या वाट्याला. सात वर्षांची, बारीक चणीची पोरगी. तिचे वडील परमेश्वर मेंढ्या राखतात. पेरण्या सुरू झाल्या की शेतांत मेंढ्यांना जागा राहत नाही, मग ते कळप घेऊन लांब माळरानाकडे निघतात आणि दिवाळीच्या आगेमागे परत येतात. या वर्षी ते रविवारी पहाटे निघणार होते. हे मला कळलं, कारण शेजारच्या मोनालीला ती दहा वेळा सांगत होती, "उद्या कार्यक्रम झाला की हे चित्र बाबाला द्यायचं. बाबा संग घेऊन जाणारंय."

आणि मग ती कामाला लागली. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक तास चांगला गेला, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कोटावर तिनं काळा खडू घासला, मोडेपर्यंत घासला, आणि खांद्यापासून पायापर्यंत घोंगडी करून टाकली. मगाला खाली ओढून काठी केली. बॅग झाकून तिथं एक कोकरू काढलं, काखेत धरलेलं. मोटारीच्या जागी मेंढ्याच मेंढ्या. बूट पुसायचे म्हणून थुंकी लावून घासले. तिथं मी थोडा फाटलोसुद्धा, पण मला त्याचं काही वाटलं नाही. फिकट आलेल्या तोंडावर तिनं मिशा काढल्या आणि गाल तपकिरी रंगवले. सगळ्यात शेवटी लाल खडू घेतला. प्रत्येक मेंढीच्या मानेवर एक लाल पट्टा ओढला आणि माणसाचे दोन्ही पंजे लालभडक केले.

कळप लांब निघायच्या आधी मेंढरांना खूण करतात. वाटेत दुसऱ्यांची मेंढरं मिसळली तर आपली ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. परमेश्वरच्या घरची खूण मानेवरचा लाल पट्टा. तो रंग हातानंच लावतात आणि हाताचा रंग आठ-आठ दिवस निघत नाही. पोरीनं जसा बाप पाहिला होता तसा काढला. चुकलं काय तिचं?

मॅडम बाकाशी आल्या.

"हे काय गं? सगळं रेषेच्या बाहेर! आणि हात लाल कशाला? खून करून आलेत का बाबा?"

वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरचा सुमित जरा जास्तच हसला.

"मॅडम, बाबा मेंढरायला खूण करून राह्यलेत," वर्षाराणी म्हणाली.

"मेंढरं कुठं होती चित्रात? दिलंय तेवढंच रंगवायचं. फोटो वर पाठवायचेत, संस्थेचे लोक बघतात. असं दिलं तर मलाच बोलणी बसतील." मॅडमचं भिणं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या भीतीचा भार सात वर्षांच्या पोरीवर टाकायचा हे कुठलं शिकवणं? आर्यन त्या दिवशी आला नव्हता. त्याच्या वाटणीचा कागद मॅडमनी तिच्यापुढे ठेवला. "कोट निळा कर, टाय लाल. हाताला स्किन कलर लाव."

स्किन कलर! खडूच्या डबीत एक फिकट गुलाबी कांडी असते, तिला म्हणतात. तीस पोरांच्या त्या वर्गात एकाचंही अंग त्या रंगाचं नव्हतं, मॅडमचंही नव्हतं. तरी कागदावरच्या एकोणतीस बापांचे अठ्ठावन्न हात गुलाबी झाले. वर्षाराणीनं नवा कागद दहा मिनिटांत रंगवून दिला, एकही रेष न ओलांडता. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास. बघ, जमतंय की तुला." 

मला मॅडमच्या टेबलाच्या खणात टाकलं. कागद फेकायचा नसतो म्हणे. पाठकोरा असेल तर उपयोगी पडतो.

शनिवारी सकाळच्या शाळेत कार्यक्रम झाला. बारा-पंधरा बाप आले होते. बाकीच्यांना कामावरून सुट्टी मिळाली नाही, आणि हे मॅडमना आधी सुचलं नाही. ऐन वेळी मुख्याध्यापक म्हणाले, आलेल्या पालकांच्या सह्या पाहिजेत, पुरावा लागतो. मॅडमनी खण उघडला, हाताला मी लागलो. त्यांनी मला पालथा घातला आणि माझ्या पाठीवर पट्टीनं रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, सही.

परमेश्वर उशिरा आले. दारातच थांबले, चपला काढल्या. "मेंढ्या माळावर सोडून आल्तो मॅडम, जरा जल्दी करा," म्हणाले. दोन्ही पंजे लालभडक, जसेच्या तसे. मॅडमनी ते पाहिले. पाहून मान खाली घातली आणि पेन पुढे केलं. "इथं सही करा."

त्यांनी टेबलावर डावा तळहात टेकवून मला घट्ट धरलं आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. त्यांच्या तळव्याखाली मी होतो, आणि माझ्या खालच्या अंगावर ते स्वतः होते, घोंगडी पांघरून, कोकरू काखेत घेऊन. एका कागदाच्या जाडीचं अंतर. किती ओरडावंसं वाटलं मला! पण कागद फडफडतो तोही वारा असेल तरच, आणि खिडक्या फोटोसाठी बंद केलेल्या होत्या.

मग पोरांनी आपापल्या बापांना चित्रं दिली. परमेश्वरच्या हातात निळा कोटवाला आला.

"हे कोण गं?"

"तुमी."

ते खूश होऊन हसले. "भारी काढलं. बिलकुल साहेबच केला की मला."

"बाबा, तुमचं दुसरं काढलं व्हतं मी."

"कुठंय मंग?"

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "ते खराब झालं होतं." म्हणताना त्यांचा हात माझ्यावरच होता, सह्यांची शाई वाळायची म्हणून.

"न्हाई तर न्हाई. हे बी चांगलंच हाये," परमेश्वर म्हणाले. त्यांनी त्या चित्राची नीट घडी करून छातीच्या खिशात ठेवली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, फोटोपुरते उभे राहिले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे कळपही गेला. पाच महिने माळावर तो माणूस खिशात कुणाचं चित्र घेऊन हिंडणार? एका परक्या साहेबाचं. आणि त्याला वाटणार, लेकीच्या मनात आपण असे आहोत, किंवा असे असायला हवे होतो. याचा संताप माझ्या अंगात मावत नाही.

तरी मी म्हटलं, पोरगी लहान आहे, विसरेल. सोमवारी मॅडमनी 'माझे बाबा' यावर पाच वाक्यं लिहायला लावली आणि मोठ्यानं वाचायला उभं केलं. तोवर मी फाइलमध्ये गेलो होतो, पण वर्गातल्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. मी ऐकलं.

"माझे बाबा रोज ऑफिसात जातात," वर्षाराणी वाचत होती. "माझ्या बाबांचा कोट निळा आहे. माझे बाबा कॉफी पितात." एकही अडखळ नाही. मॅडम वहीकडे बघत म्हणाल्या, "छान. बस खाली." या वेळी कुणी हसलं नाही.

प्रभावती मॅडम, तुमच्यावर मी रागावलोय आणि तो राग जाणार नाही. पण ही फाइल उघडायचा हक्क तुमचाच आहे, म्हणून तुम्हालाच सांगतो. तपासणीला कुणी आलं की तुम्ही मला बाहेर काढाल, सह्या दाखवाल आणि परत ठेवाल. त्याआधी एकदा मला उलटा करा. दिवाळीला परमेश्वर परत येतील, तोवर वेळ आहे. मला त्यांच्या हातात द्या. आणि त्याच्याही आधी, उद्याच्या उद्या, त्या पोरीला जवळ बोलवा आणि सगळ्या वर्गासमोर सांगा, की हात लाल रंगवलेस ते बरोबर होतं.