चौथी टाचणी

"ताई, माझं घर सरकलं कसं हो? मी तर कालही त्यातच झोपलो होतो!"

टेलरमास्तरांच्या बोलण्यावर नकाशा विभाग हसला. नकाशेवाल्या ताई हसल्या नाहीत. पडद्यावर विमानातून टिपलेला फोटो होता आणि त्यावर साठ वर्षांपूर्वीचा हातानं काढलेला नकाशा बसवला होता. नव्या रस्त्याची सरकारी हद्द मास्तरांच्या घराच्या मधोमध आली होती. सोमवारी सही, मंगळवारी पाडकाम.

"पूल, भट्टी, मैलाचा दगड. तिन्ही खुणा जुळल्यात," साहेब म्हणाले. "आणखी काय हवं?"

"तिन्ही एकाच रस्त्याकाठच्या आहेत, साहेब. मास्तर, कापडावर कागदी साचा ठेवून एकाच काठाला तीन टाचण्या लावल्या तर?"

"दुसरा काठ तिरका पळणार! शर्टाचं वाटोळं."

"तेच झालंय. कागद आखडलाय, कलंडलाय. ताणून, फिरवून बसवता येईल, पण रस्त्यापासून लांबची एक खूण हवी. नकाशात तुमच्यामागे विहीर दिसतेय."

"ती कधीच बुजली."

"मग शोधू."

रविवारी ताई टेप आणि फावडं घेऊन हजर. मास्तरांची आई पायरीवर बसली होती. दृष्टी अधू, पण आवाज खणखणीत.

"नवी सून होते तेव्हा पाणी मीच आणायचे. या पायरीपासून घराला वळसा घालून चाळीस पावलं." डोक्यावर घागर असल्यासारखा हात धरून आजी निघाल्या. चाळीस झाली. तिथं खणलं, तर नुसती माती.

आजी खळखळून हसल्या. "अगं, रिकामी निघाले म्हणून लांब टांगा पडल्या! भरल्या घागरीनं मोजायला हवं." पायरीशी परतल्या, भरलेला हंडा घेतला. कुणाचंही ऐकेनात. "देवा, तेवढी दाखव." या खेपेला चाळिसाव्या पावलावर फावडं दगडी कठड्यावर खणकन वाजलं.

सोमवारी चौथी खूण बसली आणि नकाशा अकरा फूट सरकला. घर सुटलं. हद्द मात्र पायरीवर आली.

साहेबही हळवे झाले. "हद्द वीतभर रस्त्याकडे घ्या ना. कोण बघतंय?"

"वरचा बघतोय, साहेब. आणि आज वीतभर खोटं केलं, तर अकरा फुटांचं कोण खरं मानेल?"

मास्तर ऐकत होते. "ताईंचं माप बरोबर आहे," एवढंच म्हणाले, आणि घरी जाऊन त्यांनी स्वतःच पहार घेऊन पायरी उचकटली.

संध्याकाळी आजी उंबऱ्यावर आल्या. एक पाय खाली सोडून चाचपत राहिल्या. मग लेकाचा खांदा धरून, पूर्वीपेक्षा जरा लांब पाऊल टाकून, अंगणात उतरल्या.