वाल्तोने बांधलेलं कुत्रीचं घर

ओइवाचं सगळं काही वाल्तोला सहन होत असे. त्याचं मोठं शेत, त्याचे धडधाकट गुडघे, ऐन हिवाळ्यातही पहिल्या झटक्यात सुरू होणारा त्याचा ट्रॅक्टर. सहन होत नव्हती ती फक्त कुत्री. पिल्वीला दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलं होतं, एल्क या दांडग्या हरणाच्या शिकारीसाठी. पण नेमकं तेव्हाच वाल्तोच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि पिल्लू वर्षभर शेजारी ओइवाच्या अंगणात वाढलं. आता ती वाल्तोकडे आली होती. कडाक्याची थंडी पडेपर्यंत इथं रुळली नाही, तर कायमची ओइवाकडे, असं दोघांत ठरलं होतं.

म्हणून वाल्तोने तिच्यासाठी घर करायचं मनावर घेतलं. दुकानातली तयार घरं त्याने वाकून पाहिली, ठोकून पाहिली आणि नाक मुरडलं. एकाचं छत पातळ, दुसऱ्याचा तळ थेट जमिनीला टेकलेला. शेवटी स्वतःच करवत घेतली. ओइवाकडचं घर म्हणजे ठेंगण्या चार फळ्या आणि दाराला गोणपाट. वाल्तोचं त्याच्या दुप्पट उंच झालं. दुहेरी भिंती, मध्ये भुसा, पुढे पडवी, वर एक खिडकीसुद्धा. खिडकीतून कुत्री काय बघणार, असं त्याच्या बायकोने, हेल्मीने, विचारलं. आपल्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, पायरी कधीची मोडली आहे, हेही तिने ऐकवून घेतलं.

ओइवा बघायला आला. आत डोकं घालून म्हणाला, "घर झकास आहे. पण एवढ्या खोलीला तिच्या अंगाची ऊब पुरायची नाही. लहान कर."

"तुझ्या पोटात दुखतंय," वाल्तो म्हणाला.

ओइवा हसला, पिल्वीच्या कानामागे खाजवलं आणि गेला. ती कितीतरी वेळ कुंपणापाशी त्याच्या वाटेकडे बघत उभी होती. वाल्तोच्या अंगाचा तिळपापड झाला.

पिल्वी त्या घरात जाईना. सॉसेज आत टाकलं की तेवढं उचलून बाहेर यायची आणि बर्फात अंगाचं वेटोळं करून पडायची, तोंड ओइवाच्या घराकडे. कोणी बघत नाही असं पाहून वाल्तोने आत आडवी फळी मारून खोली निम्मी केली, खिडकी बुजवली, गवत भरलं. तरी नाही. रेडिओवर तर थंडीची लाट येणार म्हणून सांगत होते.

"जंगलात कुत्री चुकली की काय करता?" हेल्मी म्हणाली. "जिथून सोडली तिथं अंगातला कोट ठेवून येता ना? वासावर येऊन बसते. मग इथंही ठेव."

वाल्तोने लगेच आपला कोट गवतावर पसरला. पिल्वीने तो हुंगला आणि ती बाहेर आली.

हेल्मी शेजारी जाऊन ओइवाचा लोकरी स्वेटर घेऊन आली. त्याने अंगातला काढून दिला होता, कशाला तेही विचारलं नव्हतं. तो आत ठेवल्याबरोबर पिल्वी सरळ घरात शिरली आणि झोपली. म्हणजे वाल्तो जिंकला होता. कुत्री आता त्याच्याकडेच राहणार होती. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी हेल्मी गावात गेल्यावर त्याने तो स्वेटर गवतातून ओढून काढला, झटकला आणि स्वतःच्या अंगात चढवला. ओइवा दांडगा गडी, बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. वाल्तो पडवीत बसला. पिल्वी आली, त्याच्या छातीत नाक खुपसलं, मग मांडीवर डोकं टाकून डोळे मिटले. असं तिने त्याच्यापाशी कधीच केलं नव्हतं. तिला थोपटावंसं त्याला फार वाटलं. पण त्याने हात बाह्यांच्या आतच ठेवले. हातांना त्याचा स्वतःचा वास होता.