साधी लिंक

"आधी जॅक काढ. गाडी चारी चाकांवर उभी राहू दे, मग माप घे," तो स्टुलावरून म्हणाला. आवाज पूर्वीसारखा चढत नव्हता, तरी मिस्त्रीनं निमूटपणे गाडी खाली घेतली.

बायको गॅरेजच्या दाराशी उभी होती. मोबाइलचे टॉवर दुरुस्त करण्यात नवऱ्याची हयात गेली. डोंगरमाथ्यावरचा टॉवर बंद पडला की स्वारी जेवणावरून उठून निघालीच. दगडाधोंड्यांत गाडीचं पोट घासायला लागलं म्हणून त्यानं ती दोन इंच उचलून घेतली. पण वळणावर गाडीला कलू न देणारा जो आडवा दांडा असतो, त्याला चाकांशी जोडणाऱ्या लिंका मात्र जुन्याच ठेवल्या. त्या आता आखूड पडत होत्या, रबरंही गेली होती. वळणावर खालून टकटक व्हायची आणि गाडी अशी कलायची, की बायको स्टिअरिंग आवळून धरायची. कारण गेले काही महिने गाडी तीच चालवत होती. तो शेजारी, वरचं हँडल घट्ट धरून. दवाखान्याचा रस्ता सगळा वळणांचा. त्याच्या दुखण्याचा विषय निघाला की तिला घरात कुठलं तरी काम आठवायचं.

मिस्त्रीनं माप घेतलं आणि दोन जोड आणून फळीवर ठेवले. दोन्ही जुन्या लिंकांपेक्षा लांब. एक साधा, नटबोल्टनं कायमचा बसणारा. दुसरा पिनेचा. पिन उपसली की लिंक सुटते आणि खडकांवर चाकं हवी तशी वरखाली होतात. रस्त्याला लागलं की पिन परत घालायची. या जोडावर त्याचा कितीतरी वर्षं डोळा होता. डोंगराच्या पायथ्याशी लिंका सोडवायला पान्हा घेऊन गाडीखाली लोळताना तो दर वेळी त्याचंच नाव काढायचा. माझ्यासाठी कधी एवढे झुरला नाहीत, असं ती म्हणायची.

"भाऊ, आता पिनेचाच घ्या. वहिनी काही नाही म्हणायच्या नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"मी कशाला नाही म्हणू? तोच बसवा," ती घाईनं म्हणाली. तिला तो जोड हवाच होता. तो गाडीला लागला असता, म्हणजे डोंगर अजून शिल्लक आहेत असं धरून चालता आलं असतं.

त्यानं पिनेची लिंक हातात घेतली. पिन उपसली, पुन्हा बसवली. मग बोटं रुमालाला पुसत लिंक मिस्त्रीकडे परत दिली.

"झकास आहे. पण साधी बसव."

"अहो, आणि डोंगरावर जायचं झालं तर?"

"तू एकटी कशाला जाशील डोंगरावर?" तो म्हणाला. "रस्त्यात पिन निसटली तर तुला कळायचंही नाही. साधी असली की बघावं लागत नाही."

मिस्त्री हातातला पान्हा तसाच घेऊन दुसरा पान्हा शोधायला आत गेला.

परतताना नेहमीचं मोठं वळण आलं. खालून आवाज आला नाही, गाडीही कलली नाही. तिनं सवयीनं शेजारी पाहिलं. त्याचा हात हँडलकडे गेलाच नव्हता. हात मांडीवर पडला होता आणि कितीतरी दिवसांनी त्याला गाडीत झोप लागली होती. तिला रडू आवरेना, पण पुढं लगेच दुसरं वळण होतं. स्टिअरिंगवरचे हात न काढता तिनं तेही सावकाश घेतलं.