भंगारात न गेलेला लेथ

मित्रांनो, लोखंड कातून त्याला आकार देणारा मी एक म्हातारा लेथ आहे. माझ्या चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, दांडा घट्ट धरायचा, तो गरगर फिरवायचा आणि धारदार हत्याराने त्याची साल काढायची, हे माझे काम. माझा जन्म ओतशाळेतला. बिडाचा तापलेला रस साच्यात ओतून माझे अंग घडले. मग कारागिरांनी माझी पाठ, म्हणजे हत्यार ज्यांवरून सरकते ते लांब रूळ, हाताने घासून आरशासारखी लख्ख केली.

माझे मालक टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर. फार कडक माणूस! काम केसभर चुकले तरी तो दांडा गिऱ्हाइकाला न देता स्वतःच मोडीत टाकायचे. "इथून निघालेल्या वस्तूला कुणी नावं ठेवता कामा नये," म्हणायचे. संध्याकाळी मला पुसताना माझ्याशी गप्पा मारायचे आणि घरातली माणसे तोंड लपवून हसायची.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. एके दिवशी त्यांनी माझ्यावर ताडपत्री टाकली आणि शेडचे दार ओढून घेतले. छत गळत होते. मी गंजत गेलो. अंगावर रंगाचे डबे आले, फाटक्या गाद्या आल्या.

अखेर मालकांनीच भंगारवाल्याला बोलावले. तो ताडपत्री उचलतो न उचलतो तोच मालकांची सून पुढे झाली. ती शिवणयंत्रे दुरुस्त करायची.

"बाबा, एवढ्यात देऊ नका. मला आधी बघू द्या."

"काय बघायचंय त्यात? पाठ झिजलीय त्याची. उद्या वेडावाकडा माल काढेल आणि लोक मला हसतील. त्यापेक्षा वितळलेला बरा!"

मित्रांनो, इतकी वर्षे गंज जेवढा बोचला नव्हता, तेवढे ते शब्द बोचले.

"बघू तर द्या!" सून हटली नाही. भंगारवाला पुन्हा येतो म्हणून निघून गेला.

मग ती पदर खोचून कामाला लागली. रॉकेल, तारेचा ब्रश, चिंध्या. हाताला फोड आले, तरी माझे एकेक चाक सोडवून, धुऊन तिने परत बसवले. तपासणी संपल्यावर तिने काही लपवलेही नाही.

"तुमचं खरं आहे, बाबा. चकाजवळ पाठ झिजलीय. पण बाकी गडी ठणठणीत आहे."



अशातच कोपऱ्यावरचा पाववाला धावत आला. कणीक मळायच्या त्याच्या यंत्राचा दांडा तुटला होता आणि तसला दांडा बाजारात मिळत नव्हता. भट्टी थंड पडली होती.

"लेथ चालू आहे का हो तुमचा?"

"नाही," मालक म्हणाले.

"आहे," सून म्हणाली.

पहिला दांडा मी बिघडवला. चकाकडच्या टोकाला तो जाड निघाला. मालकांनी मापले आणि "सांगितलं होतं ना?" म्हणून पाठ फिरवली. मी शरमेने गार झालो.

सून मात्र खचली नाही. "चुकतोय खरा. पण दर वेळी एकाच जागी चुकतोय ना, बाबा? मग तिथे मी काय करू, ते सांगा."

मालक थबकले. सावकाश मागे वळले आणि किती वर्षांनी त्यांनी माझ्या अंगावर तळवा टेकला.

"चकाजवळ येताना हत्यार किंचित आत घे. थांब... हं, आता! अगदी हळू. शाबास!"

दुसरा दांडा पाववाल्याने उजेडात धरून फिरवून पाहिला. "हात अजून तसाच आहे हो तुमचा!"

"हात तिचा आहे. माझी नुसती बडबड," मालक म्हणाले. पण त्यांची मान ताठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी गल्लीत ताज्या पावाचा वास दरवळला. भंगारवाल्याला मालकांनी फाटकातूनच वाटेला लावले.

मित्रांनो, मी पूर्वीइतका अचूक नाही आणि होणारही नाही. पण माझी खोट ओळखून सांभाळून घेणारी माणसे मला लाभली. तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र गप्प पडले असेल, तर ते फेकण्याआधी त्याची झीज नेमकी कुठे आहे, ते पाहा. कदाचित त्याच्याकडून अजून बरेच काम होईल. आणि हो, ते सुरू झालेच, तर तेल घालायला विसरू नका.