मोठीमायनं न घेतलेलं नाव

मी एक शब्द आहे. माझं नाव मुदिता. तुमच्या रोजच्या बोलण्यात मी सहसा भेटणार नाही. तिथं आनंद आहे, खुशी आहे, हरिक आहे. मी जुना, पाली ग्रंथांत वाढलेला. 'मुद्' या धातूपासून माझा जन्म झाला. मोद, प्रमोद, अगदी ताटातला मोदकसुद्धा माझ्याच कुळातला. पण माझा अर्थ जरा अवघड. दुसऱ्याचं सुख पाहून आपल्याला होतो तो आनंद म्हणजे मी.

केळापूरजवळच्या एका लहानशा गावात मी १९५८ च्या हिवाळ्यात आलो. मला आणलं धर्मपालनं. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. यवतमाळला एका भंतेजींच्या तोंडून त्यानं मला ऐकलं आणि विसरू नये म्हणून मोटारीत बसून गावापर्यंत मला पुटपुटत आणलं. त्याच्या बायकोला, प्रभावतीला, नुकतीच मुलगी झाली होती. तिचं नाव मी झालो.

शेजारच्या शकुबाईनं विचारलं, "मुदी म्हंजे आंगठी ना?" सगळे हसले. मग धर्मपालनं मोठ्या हौसेनं अर्थ सांगितला.

चुलीजवळ बसलेल्या तुळसाबाईनं मान वर केली. ती धर्मपालची थोरली भावजय, विधवा. मागच्याच पावसाळ्यात तिची चार वर्षांची सगुणा गोवरानं गेली होती.

"दुसऱ्याचं सुख पाहून आनंद?" ती म्हणाली. "भाऊजी, हे नाव मले शिकवाले ठेवलं का?"

धर्मपालचा चेहरा उतरला. "नाही वो वयनी! तुमचा तं इचारही नाही आला माह्या मनात."

"तेच तं," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटवली.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल नाव बदलायला निघाला. प्रभावतीनंच अडवलं. "आता बदललं तं त्यायच्या मनाले अजून लागन. राहू द्या."

असा मी त्या घरात राहिलो, नको असलेल्या पाहुण्यासारखा. दिवसभर मला हाका पडत. कुणी मुदे म्हणे, कुणी मुद्दी. तुळसाबाई त्या पोरीला न्हाऊ घाली, मांडीवर घेऊन भरवी, तिच्या उवा काढी. पण हाक मारताना "ए पोरी" म्हणे. मी कधी तिच्या तोंडात आलो नाही.

त्या घरात आणखी एक नाव कुणी घेत नसे. सगुणा. त्यामागे दुष्टावा नव्हता, उलट जपणूक होती. विषय तिकडे वळला की प्रभावती उगाच अंगणात जाई, धर्मपाल बैलांना वैरण टाकायला उठे. तुळसाबाईला वाटे, सगळे माझ्या पोरीला विसरले. त्यांना वाटे, वयनीला विसरू द्यावं.

मुलगी सहा वर्षांची झाली. कापूस वेचायला ती तुळसाबाईबरोबर वावरात गेली होती. वेचता वेचता तिनं विचारलं, "मोठीमाय, तू माह्यं नाव काहून नाही घेत?"

तुळसाबाईचा हात बोंडावरच थांबला. "माह्या पोरीचं नाव घेते का कोनी?"

"तुले पोरगी हाये?"

"होती. सगुणा."

"कशी होती ते?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तुळसाबाई बोलू लागली. बोरं बियांसकट गिळायची. नागपूरच्या गर्दीत कडेवरून खाली उतरायलाच तयार नव्हती. काकाच्या मिशा ओढायची. कपाशीची ओळ वेचून संपली, तरी दोघी बांधावर बसून राहिल्या.

संध्याकाळी जेवताना पोरीनं बापाला विचारलं, "बाबा, सगुणाताई तुमच्या मिशा ओढे ना?"

धर्मपालचा घास हातातच राहिला. प्रभावतीनं पोरीला डोळ्यांनी दटावलं.

"ओढे," धर्मपाल म्हणाला. "लय ओढे." आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडू लागला. तुळसाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पाण्याचा गडवा त्याच्यापुढे सरकवला. "तुमच्या मनात होती तं भाऊजी, मले सांगाचं ना."

"तुमाले तरास होईन म्हनून..."

"तरास तं होताच."

दुसऱ्या दिवशी पोरगी मोठीमायच्या गळ्यात पडली. "आता घे माह्यं नाव."

तुळसाबाईनं तोंड उघडलं. "मु..." मी तिच्या ओठांपर्यंत आलो, आणि तिथूनच परतलो. "नाही जमत माय."

"नाही जमत तं राहू द्या, बाई," प्रभावती म्हणाली, आणि तिच्याजवळ बसून तिच्या सुपातले तांदूळ निवडू लागली.

आता पोरगी शाळेत जाते. तिथे हजेरीला मला रोज घेतात. घरी तुळसाबाई अजून "ए पोरी"च म्हणते. माझी एक विनंती आहे. मला मुलीचं नाव म्हणून खुशाल ठेवा, पण दुःखात बुडालेल्या माणसाला माझा अर्थ समजावू नका. त्याच्या गेलेल्या माणसाबद्दल विचारा.

त्या घरात आता सगुणाचं नाव रोज निघतं. मला तेवढं पुष्कळ आहे.