दोन्ही पाय ठीक

"पायांना काही त्रास?" तिने मान वर न करताच विचारलं.

"छे! मागच्या आठवड्यात उजव्याला काहीतरी टोचत होतं. आता अगदी बरंय, काही कळतसुद्धा नाही," समोरचा न्हावी म्हणाला. साठीचा, बोलका माणूस. बारा वर्षांचा मधुमेह घेऊन दिवसभर दुकानात उभा राहायचा. "आटपा लवकर, डॉक्टरीणबाई. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं की आपलं तोंड बघत नाही."

ती अजून डॉक्टर कुठे झाली होती! शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, आणि फॅमिली मेडिसिनच्या ओपीडीत तिसरा दिवस. बाहेर बावीस माणसं ताटकळली होती. मधुमेहाच्या रुग्णाचे बूट-मोजे काढल्याशिवाय पायांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं तिला शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण लेसचे बूट, आत जाड मोजे, दहा मिनिटं गेलीच म्हणायची. तिने केसपेपरवर लिहून टाकलं, 'दोन्ही पाय ठीक'. मॅडमनी विश्वासाने खाली सही केली आणि न्हावी गेला.

तासाभराने मॅडम एका म्हातारीचे तळवे निरखत होत्या. "दुखतंय म्हणणाऱ्याची मला काळजी नसते," त्या सहज म्हणाल्या. "दुखायचं थांबलं म्हणतो ना, त्याची वाटते. नसा मेल्या की जखमेचं कळत नाही."

तिला सकाळचा न्हावी आठवला. काही कळतसुद्धा नाही, हेच म्हणाला होता की तो!

पुढचे दोन रुग्ण तिने कसे तपासले, तिचं तिला ठाऊक. मागच्या तुकडीतल्या एकाने न मोजताच रक्तदाब लिहिला होता. मॅडमनी त्याला घरी पाठवलं, वर्ष वाया गेलं. गप्प बसावं का? महिन्याने येईलच की तो परत. पण महिन्याने पाय असेल का त्याला? ती मॅडमच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, सकाळचे ते न्हावीकाका... मी त्यांचे पाय बघितलेच नाहीत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तरी बरं झालं असतं. "दुकान कुठंय त्यांचं?"

"दोन गल्ल्या सोडून."

"मग इथं काय करतेस? पळ!"

ती जीव खाऊन पळाली. न्हावी एका जाड्या गिऱ्हाइकाची दाढी करत होता. "या या! आज डॉक्टर घरपोच?" तो हसला.

"काका, बसा. उजवा बूट काढायचाय."

"अहो, यांचा अर्धा गाल राहिलाय!"

"राहू दे. बसा म्हणते ना!" तिचा आवाज फाटला. तो मुकाट्याने बसला.

मोजा तळव्याला चिकटला होता. तिने पाणी मागून घेतलं, तो भिजवून सोडवला, आणि दुर्गंधीचा भपकारा आला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कडा काळ्या, मध्ये पू. त्यात बुटाच्या तळातून वर आलेली लोखंडी चूक रुतलेली. एवढ्याशा खिळ्यावर हा माणूस आठवडाभर उभा होता!

"काही दुखतंय, काका?"

"नाही," न्हावी म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. "बाई, इतकं वाईट आहे?"

गिऱ्हाइकानेच गाडी काढली. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्याने दोघांना दवाखान्यात पोचवलं.

मॅडमनी जखम पाहिली, ओठ घट्ट मिटले आणि शस्त्रक्रिया विभागाला चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात न्हावी म्हणाला, "पोरीला बोलू नका हं. तिने सांगितलं होतं बूट काढा म्हणून. मीच ऐकलं नाही, घाईत होतो."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. नुसती मान डोलावली असती तरी ती सुटली असती.

"नाही, मॅडम. मी सांगितलंच नव्हतं. न बघता लिहिलं."

"तुझ्याशी नंतर बोलते," मॅडम म्हणाल्या आणि चिठ्ठी घेऊन सर्जनला गाठायला स्वतःच निघाल्या.

खोलीत दोघंच उरले. "पाय राहील ना?" त्याने विचारलं. मॅडमसमोर नाही, आता तिला विचारलं.

'राहील हो' असं म्हणायला तिचे ओठ उघडलेसुद्धा. "माहीत नाही, काका," ती म्हणाली. "अंगठा बहुतेक जाईल. बाकीचं खरंच माहीत नाही."

त्याने डावा पाय पुढे केला. "हाही बघा."

ती फरशीवर गुडघे टेकून बसली. लेसची गाठ सोडून तिने बूट काढला. मोजा उतरवताना न्हाव्याने डोळे गच्च मिटून घेतले.

"काय दिसतंय?" त्याने तसंच विचारलं.

"थांबा, बघून सांगते," ती म्हणाली, आणि एकेक बोट वेगळं करून बघू लागली.