बोटाची पाटी

मी अस्सल सागवानी आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली जो तो मला सरपणातली फळी समजतो. तेल्हाऱ्याच्या एका सुताराने दाराचा उरलेला तुकडा रंधा मारून गुळगुळीत केला आणि माझ्या अंगावर ग, म, भ, न अशी अक्षरे कोरली. तिथून मी एका खेड्यातल्या अंगणवाडीत आले. साधनाताई एकेका मुलाचे बोट धरून माझ्या खाचांतून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बोटानं काढा, तोंडानं म्हणा." मुले बोट फिरवत 'म' म्हणायची, 'न' म्हणायची. पेन्सिल हाती येण्याआधी अक्षराचे वळण असे बोटात बसते, मित्रांनो. माझ्यावर शिकलेली कितीतरी पोरे आता कॉलेजात जातात. एकही कधी विचारपूस करायला आले नाही, पण ते असो.

मग खुशी आली. इतर मुलांचे बोट माझ्यावर आणि लक्ष दारातल्या बकरीवर. ही मात्र पार वाकून बसायची, कपाळ मला टेकेल इतकी. तिचे बोट खाचेची कड चाचपत चाचपत जाई आणि अक्षर पुरे झाले की मगच तिच्या तोंडून आवाज निघे. ती अक्षर पाहत नव्हती, हाताने ओळखत होती. ताईंनी तेच अक्षर भिंतीवरच्या फळ्यावर काढले की ती गप्प बसे आणि शेजारची पोर बोलली की तिच्या मागोमाग म्हणे. पोरीला नीट दिसत नाही, हे मला आठवडाभरात कळले. पण लाकडाला तोंड कुठले? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी रोज खात होते.

सव्वीस जानेवारीला तर कहर झाला. ताईंनी सगळ्या गावासमोर खुशीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मला तिच्या मांडीवर ठेवले. पोरीने बोट फिरवून सगळी अक्षरे अचूक सांगितली. टाळ्याच टाळ्या. तिचे आजोबा किसनराव उभे राहून म्हणाले, "पाहा, माही नात डोये बांधून वाचते. अमरावतीच्या पोट्ट्यायले जमन का?" ओढणी सोडली तरी तिच्यासाठी फारसे काही बदलले नव्हते, हे त्या मांडवात एकट्या मला ठाऊक होते. त्या टाळ्या मला अजून बोचतात.

खुशी पहिलीत गेली. अंगणवाडीत रंगीत प्लास्टिकची अक्षरे आली होती, म्हणून ताईंनी जाताना मला तिच्याच दप्तरात घातले. शाळेत शेखर सर फळ्यावर लिहायचे आणि मुले उतरवून घ्यायची. खुशीच्या वहीत नुसत्या रेघोट्या. एक दिवस सर घरी येऊन म्हणाले, "पोरगी हुशार आहे, किसनराव, पण कामचोर आहे. तोंडपाठ सगळं येतं, लिहायला सांगितलं की टाळते." तिची आई दामिनी शेतातून दमून आलेली. तिने पोरीला बोल लावले आणि मला उचलून माळ्यावर टाकले. "आता मोठी झाली तू. हे खेळणं पुरे." खुशी माळ्याखाली उभी राहून मुसमुसत होती आणि मी वर धूळ खात पडले होते. माझा नुसता संताप होत होता.

भादव्यात किसनरावांना, म्हणजे तिच्या आबांना, तिची दया आली आणि त्यांनी मला खाली काढले. त्याच संध्याकाळी लाइन गेली. सगळे घर थांबले, खुशीचे बोट चालूच.

"अंधारात काहून गिरवून राहिली वं? लाइन येऊ दे," आबा म्हणाले.

"लाइन आली तरी मले असंच दिसते, आबा."

"असंच म्हंजे?"

"धूर असल्यावानी. तुमाले नाई दिसत का तसं?"

आबांनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. मग दामिनीला हाक मारून म्हणाले, "पोरीचे डोये दाखवा लागते. अकोल्याले नेऊ. एवढं सोयाबीन निघू दे." मला वाटले, सुटली बाई पोर.

सोयाबीन निघाले. मग अवकाळी पाऊस आला आणि शेतातली सोयाबीनची गंजी झाकायची धांदल उडाली. मग कापूस फुटला, वेचायला बाया मिळेनात. आता हरभरा पेरायचा चालला आहे. रोज कोणी ना कोणी म्हणते, "अकोल्याले जायचं आहे बरं का, खुशीचं." 'नाही' असे कोणीच म्हणत नाही. सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर. परवा ती उंबऱ्याला अडखळून तोंडावर पडली, तर दामिनी म्हणाली, "पाहून चाल ना, बाई."

मित्रांनो, पीक घरात येईस्तोवर लहान मुलाचे डोळे थांबत नाहीत. मी लाकूड, मी कोणाला सांगणार? पण तुम्हाला तोंड आहे. तुमच्या शेजारी बसणारे कोणी फळा सोडून तुमच्याच वहीत पाहून लिहीत असेल, तर त्याला चिडवू नका. सरांना सांगा, घरी सांगा. आणि एकदा सांगून गप्प बसू नका, रोज सांगा. आमच्या खुशीने एकदाच सांगितले, आणि ते सगळ्यांनी ऐकले होते.